कारखान्याची अट

सुकन्याने आपल्या नेसत्या साडीत गुंडाळलं, तरी सव्वा महिन्याची ईरा निजेना, रडतच राहिली. आईचा वास आला की बाळं शांत होतात म्हणे.

"तिला कुठला वास यायला?" अंगणवाडीच्या शेवंताताई हसल्या. "जन्मताच वास न येण्याचे थेंब पाजले की आपण! नवी पिढी दुर्गंधीची तक्रार करणार नाही, या अटीवर तर रसायनाचा कारखाना शेजारचं गाव सोडून इथं आला. ग्रामसभेत सगळ्यांच्या आधी तूच हात वर केलास."

सुकन्या थिजली. नवरा गावातच कामाला लागेल, एवढंच ऐकून तिने हात वर केला होता.

"मग ती मला ओळखणार कशी?"

"शिकेल गं हळूहळू," म्हणत शेवंताताईंनी ईराला कुशीत घेतलं. ईरा रडायची थांबली आणि त्यांच्याच अंगाशी दूध शोधू लागली.