पिवळ्या खड्याची पारख

दांबाने हातोडी चुलीपुढच्या सपाट दगडावर ठेवली. "वहिनी, दादा सोनं खणताना खड्ड्यात गाडला गेला, त्या दिवशी बादलीतून एक पिवळा खडा वर आला होता. कुठाय?"

नोर्जमाने कमरेची पिशवी त्याच्यापुढे रिकामी केली. तीन चमकते खडे पडले.

"बघू हं. खरं सोनं मऊ असतं, हाणलं की चपटं होतं. फुटलं तर ते खोटं. आणि एका खोट्या खड्यामागे तुझं एक बोट."

पहिल्या खड्याचा भुगा झाला, मग तिच्या करंगळीचा. दुसरा फुटला. तिसराही फुटला. तिच्या मांडीवरच्या तान्ह्या तुव्देनने टाहो फोडला.

"आधी याला गप्प कर!" तिच्या एका हाताची तीन बोटं चेचली होती, म्हणून पोराला चोखायला मनगटाशी दोरीने बांधलेला मेंढीच्या चरबीचा गोळा दांबानेच त्याच्या तोंडात कोंबला. "चोख, राजा. तुझ्या आईकडं दुसरं आहे काय!"

सगळा तंबू उसकटून तो मोटारसायकलवरून निघून गेला.

आवाज विरल्यावर नोर्जमाने धड हाताने तो चरबीचा गोळा फोडला. आतला खडा खरा की खोटा, हे तिलाही ठाऊक नव्हतं. नवऱ्याने वर पाठवलेली ती शेवटची वस्तू. तिच्यावर हातोडी मारायचा धीर तिला झाला नव्हता.

तिने खडा पुसून उजेडात धरला. त्यावर तुव्देनचे नुकतेच आलेले दोन इवलेसे दात उमटले होते.