वीस पावलांवर धुरा

खुशालराव तिसऱ्याच किलोमीटरला जठारपेठेतल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले, अन् केशरबाईच्या डोक्यात सणक गेली.

"जरा दम घेऊ," ते म्हणाले. पायातले पांढरे बूट कोरे करकरीत होते, चेहरा मात्र लालबुंद झाला होता. त्यांच्या बियाण्याच्या एजन्सीतली तीन माणसं, सरफराज ड्रायव्हर आणि काउंटरवरचे दोघे, गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. पाचवी केशरबाई. बार्शीटाकळीकडून पहाटेच्या गाडीनं आलेली, लुगड्याचा काष्टा मारलेली, अनवाणी. आयोजकांनी दिलेले बूट दोन बोटं मोठे होते. ते तिनं मैदानातच काढून ठेवले होते.

दोन हजार सातचा जानेवारी होता. 'शेतकरी भगिनींसाठी धाव' असं चौकाचौकात फडफडत होतं. प्रत्येक संघात शहरातली चार माणसं आणि खेड्यातली एक विधवा. चौघांच्या छातीवर नंबर, पाचवीच्या छातीवर पिन लावलेला कागद : लाभार्थी. सोबत आलेल्या लेकीनं, नीलमनं, तो सकाळी केशरबाईला वाचून दाखवला होता.

नीलमचा अमरावतीला नर्सिंगला नंबर लागला होता. पहिल्या तीन संघांतल्या बाईच्या लेकराचं शिक्षण संस्था करणार होती. पण संघ पोचला कधी म्हणायचं? तर त्यातलं शेवटचं माणूस रेषेवर पोचलं, तेव्हा.

हा नियम केशरबाईला कुणी समजावून सांगावा लागला नाही. निंदणाला बायका रांगेनं बसतात, जिची तिची पात ठरलेली. एखादी मागं पडली की शेजारणी तिच्या पातेतलं दोन हात गवत काढून देतात, आणि सगळ्या एकदमच शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागतात. मागं पडलेलीला टाकून कुणी धुऱ्यावर जाऊन भाकर सोडत नाही.

"उठा साहेब," ती म्हणाली.

"अहो बाई, जिंकणं-हरणं काय घेऊन बसलात? धावलो हेच मोठं. यातून माणसानं शिकायचं असतं."

"तुमाले शिकाचं असन तर घरी शिका. मले माही पोरगी शिकवाची हाये. उठा!"

काउंटरवरचे दोघे रस्त्याकडं बघू लागले. मालकाशी असं कुणी बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. सरफराजनं मात्र पुढं होऊन मालकाच्या बगलेत हात घातला. "मालक, उठा. मौसी बराबर बोलून राहिली."

दुसरा हात केशरबाईनं स्वतःच्या खांद्यावर घेतला. कापसाचं गाठोडं घ्यावं तसा, गुडघ्यात वाकून. आणि चाल धरली. पावलं जुळेनात, तेव्हा तिनं दातांमधून निंदणाची ओवी सोडली :

मागं राहिली साळू माझी, तिची पात हाती घ्यावी,
धुऱ्यावरची भाकर बाई, सगळ्याईनं संगं खावी.

ओवी मायेची होती, आवाजात मात्र कोयत्याची धार होती. पण पाय जुळले. वकिलांचा संघ मागं पडला. मग डॉक्टरांचा. खुशालरावांचा अख्खा भार तिच्या खांद्यावर होता, त्यांच्या अत्तराचा वास तिच्या नाकात होता, आणि तळपायाला डांबरावरची खडी बोचत होती. तिला फक्त समोरचं दिसत होतं.

मैदानाच्या फाटकातून आत शिरले, तेव्हा पोचलेले संघ दोनच होते. पुढं चुन्याची पांढरी रेषा. वीस पावलं.

"खुशालराव साहेब! इकडं, इकडं! थांबा!" गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक जण आडवा आला. "तो हात बाईच्या खांद्यावर तसाच राहू द्या. आधार दिल्यासारखा. वा!"

खुशालराव थांबले. मोकळ्या हातानं त्यांनी केस बसवले. इतका वेळ नसलेला दम कुठून तरी आला, आणि त्याच्यासोबत हसूही.

"मालक, चला ना!" सरफराज ओरडला.

"एकच मिनिट रे."

"बाई, तुम्ही हसू नका," कॅमेरावाला म्हणाला.

केशरबाई हसत नव्हती. ती हात ओढत होती, पण खांद्यावरची पकड आता घट्ट झाली होती. शेजारून पाच जणांची पावलं धपधप निघून गेली. मधे एक म्हातारी होती, धापा टाकणारी, तिच्याही छातीवर तोच कागद. तिच्यावर राग धरता येईना. चुन्याची रेषा त्यांच्या पायांनी पुसट झाली. माईकवर तिसऱ्या संघाचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या.

"जाऊ द्या," खुशालराव म्हणाले. "चौथे तर आलो. टीमवर्क, टीमवर्क म्हणतात ते हेच." आणि पुन्हा तिच्यावर रेलले.

केशरबाईनं खांदा काढून घेतला.

खुशालराव मातीत मट्‌कन बसले. सरफराज एक पाऊल पुढं आला, केशरबाईच्या तोंडाकडं बघून तिथंच थांबला. खुशालरावांनी बसल्या बसल्या हात वर केला. "धरा बाई, धरा. लोक बघून राहिले."

केशरबाईनं छातीवरची पिन काढली. कागद त्या वर आलेल्या हातात ठेवला, आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"हे तुमचं," ती म्हणाली, अन् उरलेली वीस पावलं एकटी चालत गेली.

मागून एकदा कॅमेरा वाजला.