एक मंगळवार आड

रंगनाथनं दिशाला टेम्पोतून उचललं आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन कॉटवर ठेवलं. दवाखान्याची लिफ्ट आजही बंद होती. नवसाबाई धापा टाकत मागून चढली. लेकीला घेऊन एक मंगळवार आड नामपूरहून नाशिकला यायचं, याला आता तीन वर्षं होत आली होती.

दिशाच्या अंगात जन्मापासून एक रसच तयार होत नव्हता. आईबापांकडून आलेला दोष. त्यापायी तिची हाडं आतून पोखरत चालली होती. तोच रस परदेशातून औषध होऊन फुकट यायचा आणि सलाईनमधून थेंबथेंब चढायचा. पण त्यासाठी इथवर यावं लागायचं.

नवसाबाई विधवा. मांडी मोडलेली पोर एसटीत घालून आणणं तिच्या हातचं नव्हतं. आणायचा रंगनाथ. गेल्या वर्षी पोर त्याच्याच टेम्पोपुढं पडली होती, त्यानंच उडवली असं गाव धरून चाललं. गावानं तेव्हा त्याला भर रस्त्यात झोडपलं. त्यानं एका शब्दानं नाकारलं नाही. अजून लोक त्याला 'पोर उडवणारा' म्हणत.

त्या संध्याकाळी दिशा आईच्या कानाशी पुटपुटली होती, "आई, टेम्पो लागलाच नाय मला. चालता चालता मांडी कट्‌कन मोडली, म्हणून पडले."

"हे कुणाजवळ बोलायचं नाय," नवसाबाईनं बजावलं होतं.

तेव्हापासून रंगनाथनं आणून दिलेला चहा ती मान खाली घालून प्यायची. दर खेपेला ओठावर आलेलं ती गिळून टाकी. सांगितलं आणि हा यायचा थांबला तर?

आज डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडात धरून दोनदा पाहिला.

"हाड जुळलं. औषध चालू ठेवायचं, पण आता हिला चालू द्या. यापुढं एसटीनं आलात तरी चालेल."

सलाईन संपल्यावर दिशा कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली. रंगनाथ दोन पायऱ्या मागं, हात पुढं करून. नवसाबाई मधेच पायरीवर बसली.

"भाऊ, जरा थांबा. तुमचा टेम्पो तिला लागलाच नव्हता. मला पहिल्यापास्नं माहीत व्हतं."

रंगनाथ थांबला. त्यानं वळून पाहिलं नाही. नजर खाली उतरणाऱ्या दिशावरच होती.

"मलाबी, ताई," तो म्हणाला. "टेम्पो मीच चालवत व्हतो."