लाल कार्ड, हिरवे कार्ड

“झालं पुन्हा सुरू,” नोर्मिता दारातच थबकली.

टेबलाशी बसलेल्या सेल्मोचे हात आतापर्यंत मांडीवर स्वस्थ होते. आई आत येताच ते वर उठले आणि दहाही बोटे डोळ्यांपुढे वाऱ्यातल्या पानांसारखी थरथरू लागली. नजर मात्र आईकडे नव्हती. ती कोपऱ्यात बसलेल्या मावशीवर, पिलारवर, खिळली होती.

ग्रासिया टीचरने लाल कार्ड वर धरले. एरवी ते पुरे होई. लाल कार्ड म्हणजे हात खाली, आणि ते पाळले की बक्षीस. हिरवे म्हणजे बोटे हवी तेवढी नाचवावीत, कोणी रोखणार नाही. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या, विशेष मुलांच्या या केंद्रात नऊ वर्षांच्या सेल्मोइतक्या लवकर हा करार कोणी आत्मसात केला नव्हता. आज त्याने लाल कार्डाकडे ढुंकूनही पाहिले नाही.

“मी बाहेरच थांबते.” नोर्मिताने पिवळी शाल अंगाभोवती घट्ट ओढली. ती गेली, तिच्या लॅव्हेंडर अत्तराचा वास हळूहळू विरला, आणि हात मांडीवर परतले.



नोर्मिता टोरँटोत परक्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करीत होती, तेव्हा सेल्मोला चालायला, चमचा धरायला, पोट दुखले तर हात ओढून दाखवायला पिलारने शिकवले. पण रविवारी फोनच्या पडद्यावर नोर्मिताचा चेहरा उमटला की शेजारणी गोळा होत आणि एकमेकींना म्हणत, “पोरासाठी किती झिजते बिचारी!” फोन पिलार धरून उभी असे. पडद्यावर तिचा अंगठा तेवढा दिसे.

आता नोर्मिता त्याला कायमचे न्यायला आली होती. कागदपत्रे तयार होती. उन्हाळा संपेपर्यंत मूल आपल्याशी रुळले तर न्यायचे, नाहीतर नाही, असे तिनेच ठरवले होते. पिलारने विरोध केला नाही. उलट तिने प्रत्येक तासाला हजेरी लावली आणि प्रश्न विचारले.

“टीचर, बक्षीस जरा उशिरा दिलं तर?”

“तर ते कशाचं, हेच त्याला कळणार नाही. तिथल्या तिथे द्यायचं.”

“आणि घरी ही कार्डं हरवली तर?”

“दुसरं काहीही चालेल हो. खूण एकच ठेवा म्हणजे झालं,” ग्रासिया हसली. “उद्या माझ्या खुर्चीत तुम्हीच बसाल!”

शास्त्र शिकणाऱ्याला त्याचा हेतू विचारीत नाही. आणि यालाच त्याची थोरवी म्हणण्याची पद्धत आहे.

रोज पहाटे पिलार सेल्मोला घेऊन चर्चमध्ये मिसेला, सकाळच्या प्रार्थनेला, जाई. जाताना धाकटीची शाल मागून घेई.

“मानांग, विरेल गं ती एक दिवस!” नोर्मिता अंथरुणातूनच म्हणे. थोरल्या बहिणीला तिथे मानांग म्हणतात.

“विरू दे. देवापुढे तरी मला बरं दिसू दे. तुला तिकडे अशा ढीगभर मिळतील.”

“घे बाई, घे. अत्तरही फवारून देऊ?”

“दे की. बोलतेस काय नुसती?”

परतताना सेल्मोची जीभ चिंचेने तांबूस झालेली असे.

“मिसेत गोळ्या चारतेस त्याला?”

“गप्प बसवायला काहीतरी नको? तुझ्या कॅनडाची चॉकलेटं तर थुंकून टाकतो.”

नोर्मिताचा चेहरा उतरे. पिलार भाताचे आधण ठेवायला आत जाई.

उन्हाळा सरत आला तरी तेच चालले होते. आई बाजाराला गेली की हात स्वस्थ. आईने मांडीवर घेतले की बोटे डोळ्यांपुढे. शेवटी ग्रासियाने दोघी बहिणींना समोर बसवले.

“वाईट वाटून घेऊ नका, नोर्मिता. तुम्ही जवळ आलात की तो बिथरतो. आणि तेव्हा बघतो कुणाकडे? मावशीकडे. आधार शोधतो तो.”

“म्हणजे माझ्याच पोराला माझी भीती वाटते?”

ग्रासिया कार्डे जुळवत राहिली.

“असं नको गं बोलूस,” पिलारने तिच्या पाठीवरून हात फिरवला. “लहान आहे. पुढे बघू की.”

“तिकडे तू नसशील, मानांग. मग तो कुणाकडे बघेल?” नोर्मिताने डोळे पुसले. “राहू दे त्याला इथेच.”

निघताना तिने सेल्मोला उराशी धरले. तिच्या खांद्यावरून त्याची बोटे थरथरत राहिली, डोळे पिलारवर. नोर्मिताने शाल काढून बहिणीच्या हातात दिली. अत्तराची उरलेली बाटलीही दिली.

“माझा वास तरी राहील त्याच्याजवळ.”

“अगं, जपून ठेवीन,” पिलार म्हणाली.

टॅक्सी वळणाआड गेल्यावर तिने दार लावले. नाताळात नोर्मिता पुन्हा येणार होती. पिलारने शाल स्वतःच्या खांद्यांवर घेतली, तिच्यावर अत्तर फवारले आणि सेल्मोसमोर बसून वाट पाहू लागली. त्याचे हात उठले, बोटे डोळ्यांपुढे थरथरू लागली. आणि टीचरने शिकवले होते तसे, तिथल्या तिथे, तिने चिंचेची गोळी त्याच्या जिभेवर ठेवली.