डगल्याचं भोक

सॅक्सनीतल्या त्या लूथरपंथी देवळात एक गोष्ट पक्की होती. प्रभुभोजनाच्या वेळी पास्टरनं प्रभूचे शब्द उच्चारले, की पेल्यातली वाइन म्हणजे साक्षात प्रभूचं रक्त. म्हणून ती म्हाताऱ्या उर्सुलाच्या डगल्यावर सांडली, तेव्हा पास्टर वोल्फहार्टनं स्वतः कात्री घेऊन तेवढा भाग कापला आणि जाळला.

हिवाळा लागल्यावर तो ओशाळून ठिगळ घेऊन तिच्याकडे गेला.

"ठिगळ नको, पास्टरबाबा. आमचे झुरिकचे जावईबापू म्हणतात, ती नुसती वाइनच असते. मी हे भोकच त्यांच्या नाकासमोर धरते. नुसत्या वाइनपायी कुणी गरिबाचा डगला कापेल का?"

"छे छे," पास्टर पुटपुटला.

वाइन सांडली त्या दिवशी उर्सुलाची पाळी येण्याआधीच पेला संपला होता. त्यानं तो बुधल्यातून पुन्हा भरला होता, शब्द तेवढे म्हणायचे राहून गेले होते.