काही नाही दिसलं

“आज तरी काही दिसलं का, की डोळे तपासायला पाठवू?” मॅडमनी विचारलं.

गवतावर बसलेल्या पोरी फिदीफिदी हसल्या. वॉर्डात जाण्याआधी नर्सिंगच्या मुलींनी कॉलेजमागच्या झाडाखाली थोडा वेळ गप्प बसायचं आणि उठताना काय पाहिलं ते एका वाक्यात सांगायचं, हा मॅडमचा नियम. जीव शांत होतो म्हणे. पोरी त्याला ‘झाडाची नाडी बघणं’ म्हणायच्या. आज एकीला मुंगळा दिसला होता, एकीला पानामागचा कोळी.

“काही नाही, मॅडम,” मॅडमची मुलगी म्हणाली. रोजच्यासारखीच.

घरी आई, गेटच्या आत मॅडम, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. लाड नाहीत, सवलत नाही. “बरं. उद्या बघ,” म्हणत मॅडम बुंध्यापासून उठल्या आणि चपला पायात सरकवून लगबगीने वॉर्डाकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता त्या ओट्यापाशीच कोसळल्या. मुलीने शिकलेलं सगळं केलं. अँब्युलन्स येईपर्यंत छाती दाबत राहिली. आईचं हृदय काही पुन्हा चालू झालं नाही.

ती कॉलेजात परतली, पण हात पूर्वीचे राहिले नव्हते. साधा बीपीचा पट्टा बांधतानाही थरथरायचे. शेवटी तिने ठरवलं, कॉलेजातून नाव काढून घ्यायचं. त्या सकाळी ती त्यासाठीच आली, तर ऑफिस अजून उघडलं नव्हतं. मैत्रिणीने दंडाला धरून तिला झाडाखाली नेलं. “चल गं. जाता जाता बसून तर जा.”

मॅडमच्या जागी आता एक सर होते. ते जरा बाजूलाच बसले होते. सवयीने तिची नजर बुंध्यापाशी गेली. तिथलं चेपलेलं गवत पुन्हा उभं राहिलं होतं.

“तुला काय दिसलं?” सरांनी हळूच विचारलं. “नसेल सांगायचं तर राहू दे.”

“दिसायचं, सर. रोज दिसायचं.”

आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम फुटलं. कोणी तिला गप्प केलं नाही. मग कितीतरी दिवसांनी श्वास पार पोटापर्यंत गेला. मांडीवरचे हात निवांत पडून होते.

“दिवसभर पायाला भिंगरी असायची तिच्या. फक्त इथे डोळे मिटून नुसती बसायची,” ती म्हणाली. “मी झाडाकडे कधी बघितलंच नाही. मी माझ्या आईला बघत बसायचे.”