अठ्ठेचाळीस आकडे

"मदरबोर्ड बदललाय, त्यामुळे लॅपटॉपला वाटतंय आपण चोरीला गेलोय," धायरीच्या दुरुस्तीच्या दुकानात चैताली म्हणाली. "आता अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागतोय. हा कुणाच्या ओळखीवर उघडत नाही, मॅडम. किल्ली छापून ठेवली होतीत ना?"

"हो, पण तो कागद महिन्यापूर्वीच टेबलावरून नाहीसा झाला." उत्कर्षाच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण फक्त त्या लॅपटॉपमध्ये होतं, आणि प्रबंध आज पाचच्या आत द्यायचा होता.

शेजारी तिची आई, चंपाबाई, बसली होती. इथूनच तिला साक्षरता वर्गाला जायचं होतं. "नुसत्या आकड्यांचा कागद? तो मी वहीत उतरवला आणि रद्दीत टाकला की."

तिने पिशवीतून वही काढली. उत्कर्षा वाचू लागली, चैताली टाइप करू लागली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट होते. एक आकडा चुकला तरी लॅपटॉप पुढच्या गटाकडे जाऊ देत नव्हता. पहिला गट त्याने घेतला. दुसरा घेतला. सातव्याला उत्कर्षा प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाचू लागली. आठवाही घेतला, आणि लॅपटॉप उघडला!

"आई, अगं, एकही चूक नाही!" उत्कर्षा ओरडलीच.

चंपाबाईचा चेहरा उजळला.

"मग महिनाभर वही का नाही तपासलीस?" तिने विचारलं. " तू रोज मला गिरवायला आकडे छापून द्यायचीस, मला वाटलं हाही गृहपाठच."